बर्फावरची मिनिटं मोजा: व्यावसायिक आइस हॉकीपटूच्या कारकिर्दीचा रस्ता

आइस हॉकीचा सामना ६० मिनिटांचा, २० मिनिटांचे तीन पीरियड. एका संघाचे सहा जण एका वेळी बर्फावर असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीपटू. गोलरक्षक सोडला तर पूर्ण वेळ कुणीच खेळत नाही. बाकावरून उठलेला खेळाडू ४०-४५ सेकंद जीव तोडून धावपळ करतो आणि दमून परत येतो. या एका फेरीला शिफ्ट म्हणतात. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या लीगमधला पहिल्या जोडीचा बचावपटू सगळ्या शिफ्ट मिळून २४-२५ मिनिटं खेळतो, चौथ्या, म्हणजे शेवटच्या फळीतला आघाडीपटू जेमतेम आठ-दहा.

या पेशाचा विचार करताना मी गोलांच्या आधी हा मिनिटांचा आकडा बघतो. पोर आठ वर्षांचं असो, सोळाचं असो की खेळाडू सव्वीसचा, प्रत्येक वळणावर साधारण एकच पेच पडतो. एकीकडे मोठ्या नावाचा संघ आणि बाकावरची जागा, दुसरीकडे लहान संघ आणि पोटभर खेळ. जर्सीच्या मोहात पहिली वाट धरून वाया गेलेले गुणी खेळाडू या खेळात खूप आहेत. पुढे प्रत्येक टप्प्यावर काय करायचं ते सांगतो. पेच मात्र सगळीकडे हाच आहे हे ध्यानात ठेवा.

आधी पाय, मग हात

चार-पाच वर्षांच्या मुलाला बर्फावर उभं केलं की पालकांना पहिल्यांदा त्याच्या हातात स्टिक द्यावीशी वाटते. थांबा. पहिले काही महिने स्टिक नसलेलीच बरी. स्टिक हातात आली की मूल तिचा काठीसारखा आधार घेतं, गुडघे वाकवायचं विसरतं आणि ती खोड पुढे वर्षानुवर्षं जात नाही. स्केटच्या पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची. वळणं, थांबणं, उलटं जाणं, पाय एकमेकांवरून टाकत वेग घेणं, हे सगळं त्या कडांवर तोलता येण्यावर अवलंबून असतं. बाहेरच्या कडेवर एका पायावर गोल फिरता येत नसेल, तर बाकीचं शिकवण्यात अर्थ नाही.

सरावाला पूर्ण रिंक, म्हणजे बर्फाचं अख्खं मैदान, लागत नाही. एनएचएलचं रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं. सात वर्षांची मुलं त्यावर सोडली तर दोन चपळ पोरं पक (खेळायची रबरी चकती) घेऊन पळतात आणि बाकीची मागे धावत राहतात. म्हणून अमेरिकेत आठ वर्षांखालच्या मुलांचे सामने रिंकचे आडवे भाग पाडून खेळवतात. जागा लहान झाली की प्रत्येकाच्या स्टिकला पक जास्त वेळा लागतो. प्रशिक्षण केंद्र निवडताना ट्रॉफ्यांचं कपाट बघू नका. तासाभराच्या सरावात तुमचं मूल किती वेळ हलतं आणि किती वेळ रांगेत उभं राहतं, ते घड्याळ लावून बघा.

बर्फाबाहेरचा सराव फुकट असतो आणि तो खूप काही देतो. हॉकीतला दिग्गज वेन ग्रेट्झकी याच्या वडिलांनी घरामागच्या अंगणात पाणी गोठवून रिंक केलं होतं. पुढे एनएचएलचा तारा झालेला सिडनी क्रॉस्बी तळघरात पक मारायचा. नेम चुकला की पक कपडे वाळवायच्या यंत्रावर आदळायचा, आणि ते पोचे पडलेलं यंत्र पुढे प्रसिद्ध झालं. गुळगुळीत फरशीवर लाकडी चेंडू घेऊन रोज पंधरा मिनिटं हात चालवले, मान वर ठेवून, तर पकाकडे न बघता तो सांभाळायची सवय लागते. मान वर ठेवण्याचं महत्त्व पुढे धक्के बसायला लागले की कळेल.

बारा-तेरा वर्षांपर्यंत दुसरा एखादा खेळही चालू द्या. ग्रेट्झकी उन्हाळ्यात बेसबॉल आणि लॅक्रॉस खेळायचा. वर्षाचे बारा महिने एकच हालचाल केली तर जांघा आणि कंबर कोवळ्या वयातच कुरकुरायला लागतात.

सामान घेतानाचे दोन शब्द. मूल वाढतंय म्हणून दोन नंबर मोठे स्केट घेणं ही सगळ्यात महाग बचत आहे, कारण सैल स्केटमध्ये घोटा तोलत नाही आणि कडाच लागत नाहीत. पायाला बसणारे वापरलेले स्केट त्यापेक्षा बरे. हेल्मेट मात्र जुनं घेऊ नका; त्यावरच्या प्रमाणपत्राच्या स्टिकरवर मुदत असते, ती वाचा. स्टिकवर लवचिकतेचा एक आकडा असतो. ८५ म्हणजे ती मध्यावर एक इंच वाकवायला साधारण ८५ पौंडांचा जोर लागतो. लहान अंगाच्या मुलाला मोठ्यांची कडक स्टिक दिली तर ती वाकतच नाही, आणि फटक्यात दम येत नाही. मग लोक मुलाच्या मनगटांना बोल लावतात.

धक्क्यांचं वय आणि जन्माचा महिना

अंगावर धडक मारून पक काढून घेणं, म्हणजे बॉडी चेकिंग, लहान वयोगटात चालत नाही. अमेरिकेने २०११ मध्ये आणि कॅनडाने २०१३ मध्ये ही सुरुवात साधारण तेराव्या वर्षापर्यंत पुढे ढकलली. त्या आधीच्या एक-दोन वर्षांत धडक घ्यायला शिकवा. रिंकभोवतीच्या फळीपासून (कडेच्या भिंतीपासून) चार फुटांवर, पाठ वळवून थांबणं ही सर्वांत धोक्याची जागा. एक तर फळीला अंग लावून उभं राहायचं, नाहीतर लांब राहायचं. धडक देणं कुणीही शिकतं, घेणं शिकवावं लागतं.

याच वयात निवड सुरू होते आणि तिच्यात एक खोट आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेलं मूल डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठं असतं, आणि तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे अर्धा फूट उंची असू शकते. परिणामी वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर दिसतात. तुमचं मूल ऑक्टोबरचं असेल आणि पहिल्या संघातून वगळलं गेलं, तर दुसऱ्या संघात दर सामन्याला वीस मिनिटं खेळणं हा तोटा नाही. खटपट करून पहिल्या संघाच्या बाकावर बसवलं, तर तो मात्र तोटा आहे.

जागा ठरवायची वेळही हीच. बचावपटूला उलटं स्केटिंग आणि पहिला पास येत असेल तर त्याला मागणी कायम असते. सेंटरला फेसऑफ, म्हणजे पंचाने टाकलेला पक जिंकणं, जमलं पाहिजे. गोलरक्षकाची गोष्ट वेगळीच. संघात जागा दोन, खेळणारा एक, आणि पिकायला वेळ लागतो. टिम थॉमसची १९९४ मध्ये एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी मुलं निवडतात त्या वार्षिक निवडीत, २१७ व्या क्रमांकावर निवड झाली. मग अमेरिकेतल्या खालच्या लीग आणि फिनलंड असं करत तो एनएचएलचा नियमित गोलरक्षक झाला तेव्हा एकतिशीचा होता. २०११ मध्ये, ३७ व्या वर्षी, त्याने बोस्टनसाठी स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. गोलरक्षकाच्या आई-वडिलांनी घाई करू नये, एवढाच त्याचा अर्थ.

सोळाव्या वर्षीचा पेच

सगळ्यात अवघड निर्णय इथे असतो, आणि तो घेणाऱ्याला अजून मिसरूडही फुटलेलं नसतं.

एक वाट मेजर ज्युनियरची. कॅनेडियन हॉकी लीग या छत्राखाली तीन लीग आहेत: ओंटारिओची ओएचएल, पश्चिमेची डब्ल्यूएचएल आणि क्यूबेक व पूर्व किनाऱ्याची क्यूएमजेएचएल. वय साधारण १६ ते २०. क्लब मुलांना ड्राफ्टने निवडतात, म्हणजे कुठल्या गावी जायचं ते मूल ठरवत नाही. पंधराव्या वर्षी खेळायला खास परवानगी लागते; ओएचएलमध्ये ती पहिल्यांदा २००५ मध्ये जॉन टाव्हारेसला मिळाली, पुढे कॉनर मॅकडेव्हिडलाही. ओएचएल आणि डब्ल्यूएचएलचा हंगाम ६८ सामन्यांचा, प्रवास बसचा, आणि घरापासून लांब असलेली मुलं यजमान कुटुंबात राहतात. या कुटुंबाची चौकशी क्लबच्या चौकशीइतकीच कसून करा. जेवण, अभ्यासाची जागा, रात्री पोर उशिरा आलं तर दार कोण उघडणार, हे प्रश्न विचारायला लाजू नका.

दुसरी वाट अमेरिकन कॉलेजची, म्हणजे एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेची. आधी यूएसएचएलसारख्या ज्युनियर लीगमध्ये खेळायचं आणि अठरा-एकोणिसाव्या वर्षी कॉलेजात जायचं. सामने ३५ ते ४० च्या आसपास, बहुतेक शुक्रवार-शनिवारी. मधले दिवस व्यायामशाळा आणि सरावाला. अंगाने उशिरा भरणाऱ्या मुलाला ही वाट मानवते.

पूर्वी या दोन वाटांच्या मध्ये भिंत होती. मेजर ज्युनियरमध्ये थोडा भत्ता मिळतो आणि तिथे व्यावसायिक करार झालेली मुलंही असतात, म्हणून तिथे खेळलेल्या मुलाला एनसीएए आपल्याकडे घेत नसे. सोळाव्या वर्षी केलेली एक सही कॉलेजचा दरवाजा कायमचा लावून टाकायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने हा नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून मेजर ज्युनियरचा खेळाडूही कॉलेजकडून खेळू शकतो. गॅव्हिन मॅकेना हा त्या वर्गातला सगळ्यात गाजलेला मुलगा लगेच डब्ल्यूएचएल सोडून पेन स्टेट विद्यापीठात गेला. त्यामुळे सोळाव्या वर्षी मेजर ज्युनियर, अठराव्या वर्षी कॉलेज अशी तिसरी वाट खुली झाली आहे. दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या खेळाडूच्या वडिलांचा सल्ला आता तसाच्या तसा घेऊ नका. तो मनापासून दिलेला असेल, पण त्यामागचा नियम गेला.

निवडताना प्रशिक्षकाला थेट विचारा: माझ्या जागेवर सध्या किती जण आहेत? त्यातले पुढच्या वर्षी कोण जाणार? गेल्या हंगामात पहिल्या वर्षाच्या मुलांना किती शिफ्ट मिळाल्या? सकारण उत्तर देणारा प्रशिक्षक चांगला. ‘आमच्याकडे मेहनतीला न्याय मिळतो’ एवढंच म्हणणाऱ्याकडून अजून एकदा विचारून घ्या. मेजर ज्युनियरमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या उच्च शिक्षणाची मदत मिळते. ती कधीपर्यंत वापरायची आणि व्यावसायिक करार केल्यावर ती केव्हा रद्द होते, ते कागदावर वाचून घ्या.

युरोपातल्या मुलाला हा पेच कमी. स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंडमध्ये मोठ्या क्लबांचेच कुमार संघ असतात. तिथे अठरा वर्षांचा मुलगा पुरुषांच्या संघात चार मिनिटं खेळावा की कुमार संघात वीस, हा वाद दर हंगामाला होतो. माझं मत वीस मिनिटांच्या बाजूने आहे. पण त्या चार मिनिटांना सोबत म्हणून रोजचा सराव तिशीच्या बचावपटूंविरुद्ध होत असेल, तर मी माझं मत थोडं सैल करायला तयार आहे.

स्काउट काय लिहितो

स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारा माणूस, गोल मोजायला येत नाही, ते आकडे त्याला घरबसल्या मिळतात. पक हरवल्यावर तुम्ही काय करता, शिफ्टच्या शेवटच्या दहा सेकंदांत बचावासाठी मागे येता का, पक मिळण्याआधी मागे वळून बघता का, बाकावर बसल्यावर कुणाशी कसं बोलता, हे त्याला पाहायचं असतं. कुमार संघात दर सामन्याला गोल करणाऱ्या दहा मुलांपैकी फार थोड्यांना वर पहिल्या दोन फळ्यांत जागा मिळते. उरलेल्या जागा पेनल्टी किलमध्ये, म्हणजे आपला एक खेळाडू शिक्षेवर असताना, किल्ला लढवणाऱ्यांच्या असतात. फटका अडवण्यासाठी अंग झोकणारा, महत्त्वाचा फेसऑफ जिंकणारा, हा माणूस दहा वर्षं नोकरी टिकवतो. म्हणून सतराव्या वर्षी प्रशिक्षकाकडे पॉवर प्ले (समोरच्यांचा खेळाडू शिक्षेवर असतानाचा खेळ) मागण्याऐवजी पेनल्टी किल मागा. नाही म्हणणारा प्रशिक्षक मिळणं कठीण.

ड्राफ्ट: नाव आलं तर, नाही आलं तर

एनएचएलमध्ये ३२ संघ. ड्राफ्ट सात फेऱ्यांचा, म्हणजे वर्षाला २२४ नावं. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारा मुलगा पात्र ठरतो. त्याआधी निवडक मुलांना एकत्र बोलावून चाचणी घेतात: सायकलवर ३० सेकंद जीव खाऊन पेडल मारणं, दमश्वासाची मोजणी, जागेवरून उंच आणि लांब उडी, पुलअप आणि संघांच्या मुलाखती. २०१४ मध्ये सॅम बेनेटला एकही पुलअप काढता आली नाही आणि तो चेष्टेचा विषय झाला. तरी कॅल्गरीने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं, आणि २०२५ मध्ये फ्लोरिडाकडून खेळताना तो प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुलअप काढाव्यातच; पण चाचणीतला एक दिवस आणि दहा वर्षांचा खेळ यांचं वजन सारखं नसतं.

निवड झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही. त्या संघाला तुमच्याशी करार करण्याचा हक्क ठराविक काळापुरता मिळाला, एवढंच. पहिल्या फेरीनंतरची बहुतेक मुलं एनएचएलमध्ये पाय रोवू शकत नाहीत. उलट हेन्रिक झेटरबर्ग १९९९ मध्ये २१० वा, हेन्रिक लुंडक्विस्ट २००० मध्ये २०५ वा, जो पावेल्स्की २००३ मध्ये २०५ वा. मार्टिन सेंट लुईचं तर नावच आलं नाही. पाच फूट आठ इंचांचा हा मुलगा व्हरमाँट विद्यापीठातून निघाला, खालच्या लीगमध्ये खेळला, कॅल्गरीने त्याला सोडून दिलं. २००३-०४ मध्ये टॅम्पा बेकडून तो लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा आणि सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. त्याच हंगामात त्याने कपही उचलला.

नाव न आल्याचा एक फायदाही असतो, कुठल्या संघाशी बोलायचं ते तुम्ही ठरवता. कॉलेजचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपला की मोकळ्या खेळाडूंकडे संघांचे फोन येऊ लागतात. अशा वेळी तीन-चार संघांच्या याद्या पुढ्यात घेऊन बसा आणि आपल्या जागेवर कोण म्हातारं होत चाललंय, कुणाचा करार संपतोय ते शोधा. फोन आलाच नाही, तर हंगामाच्या अखेरीस खालच्या लीगमध्ये तात्पुरत्या चाचणी करारावर खेळता येतं. बऱ्याच जणांची ओळख तिथूनच होते.

एजंट आणि पहिली सही

एनएचएल करारासाठी खेळाडू संघटनेने प्रमाणित केलेलाच एजंट लागतो. चौदा-पंधराव्या वर्षी मात्र ‘कौटुंबिक सल्लागार’ म्हणवणारे लोक पार्किंगमध्ये भेटतात. स्केट देतात, जेवायला नेतात. घाई करू नका. त्यांच्याकडे सध्या किती खेळाडू आहेत आणि त्यातले किती जण खालच्या लीगमध्ये आहेत, ते विचारा, आणि त्या खालच्या लीगमधल्या खेळाडूंपैकी दोघांशी स्वतः बोला. बड्या खेळाडूचा फोन सगळेच उचलतात. जानेवारीच्या थंडीत तिसऱ्या दर्जाच्या लीगमधून आलेला फोन कोण उचलतो, त्यावरून एजंट ओळखावा.

पहिल्या कराराची मुदत वयावर ठरते: १८ ते २१ व्या वर्षी सही केली तर तीन वर्षं, २२-२३ ला दोन, २४ ला एक. मूळ पगाराला वरची मर्यादा असते, म्हणून या करारात घासाघीस फार नसते. तरी तीन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, करार बहुधा दुहेरी असतो: एनएचएलमध्ये असताना एक पगार, खाली एएचएलमध्ये असताना त्याच्या लहानशा तुकड्याएवढा दुसरा. तुमचं पहिलं वर्ष खालीच जाणार असं धरून घरखर्च मांडा. दुसरी, सही करतानाचा बोनस आणि कामगिरीचा बोनस वेगळे. दुसरा मिळेलच असं नाही. तिसरी, अठरा-एकोणीस वर्षांचा खेळाडू त्या हंगामात एनएचएलचे दहापेक्षा कमी सामने खेळला, तर कराराचं वर्ष पुढे सरकतं. नवव्या सामन्यानंतर एखाद्या पोराला ज्युनियरला परत का पाठवलं, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं, त्याच्या खेळात नाही.

२०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार ७ लाख ७५ हजार डॉलर आणि एका संघाच्या एकूण पगाराची मर्यादा ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. ही मर्यादा ‘मॅनेजर मला का घेत नाही’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. पुढे बडे पगार असले की चौथ्या फळीला स्वस्त माणूस लागतो. तिशीतला मधल्या दर्जाचा, मधल्या पगाराचा खेळाडू सगळ्यात आधी जातो, आणि त्याच्या जागी तुम्ही येता. दहा वर्षांनी तुमच्या जागीही असंच कुणीतरी येईल, तेव्हा रागावू नका.

पगार हंगामाच्या महिन्यांतच हप्त्यांनी मिळतो, उन्हाळ्यात खातं कोरडं. त्यातून कर जातो (ज्या राज्यात सामना खेळलात तिथलाही), एजंटचा वाटा जातो, आणि मालक-खेळाडूंतली उत्पन्नाची वाटणी बरोबरीत ठेवण्यासाठी काही टक्के रक्कम बाजूला अडकवतात. कागदावरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा यांत जवळपास निम्म्याचा फरक पडू शकतो. पहिल्या चेकवर गाडी घेणाऱ्यांना हे दुसऱ्या चेकला कळतं.

बसमधली वर्षं

एएचएल ही एनएचएलच्या लगेच खालची लीग. तिथेही ३२ संघ, प्रत्येक जण एका एनएचएल संघाशी जोडलेला; त्याखाली ईसीएचएल. एनएचएलमधल्या दहापैकी जवळपास नऊ खेळाडूंनी एएचएलचं पाणी प्यायलेलं असतं. खाली पाठवलं म्हणजे अपमान झाला, ही भावना पहिल्या आठवड्यातच संपवा. वर आठ मिनिटं खेळणारा बाविशीचा पोरगा खाली पॉवर प्ले आणि पेनल्टी किल धरून वीस मिनिटं खेळतो, आणि तिथेच त्याचा खेळ वाढतो. हे मी पुन्हा पुन्हा सांगतोय हे मला माहीत आहे.

खाली असताना वरच्या संघाची पद्धत पाठ करा. दोन्ही संघ बहुधा एकाच आखणीने खेळतात. बोलावणं कधी दुपारी दोनला येतं आणि सामना संध्याकाळी सातला असतो. दोन स्टिक, धार लावलेले स्केट आणि पासपोर्ट तयार ठेवा. वर गेल्यावर पहिल्या सामन्यात चमकायचा प्रयत्न करू नका. छोट्या शिफ्ट, सोपे पास, वेळेवर बाकावर परत. प्रशिक्षकाला तुम्ही दिसलाच नाहीत, तर तो सामना चांगला गेला असं समजा.

खाली किती वर्षं काढायची? चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत दर हंगामी मिनिटं किंवा जबाबदारी वाढत असेल तर थांबा. दोन हंगाम तेच चाललं असेल तर समुद्र ओलांडायचा विचार करा.

युरोप हा माघारीचा रस्ता आहे असं अनेक उत्तर अमेरिकन खेळाडू समजतात, आणि चुकतात. स्वीडनची एसएचएल, फिनलंडची लीगा, स्वित्झर्लंडची नॅशनल लीग, जर्मनीची डीईएल, चेक एक्स्ट्रालीगा इथे सामने कमी, प्रवास कमी आणि पगार चांगला, विशेषतः स्वित्झर्लंडात. करारात बऱ्याचदा घर आणि गाडी येते. पगाराचा आकडा कर कापून आहे की कापण्याआधीचा, ते पहिल्याच बोलण्यात विचारा. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात आणि त्यांच्याकडून गोलांची अपेक्षा असते. वीस सामन्यांत गोल झाले नाहीत तर हिवाळ्यातच दुसरा कुणी येतो. काही लीगमधून तळाचा संघ खालच्या श्रेणीत घसरतो, ते एनएचएलमध्ये कधी होत नाही. त्या शेवटच्या महिन्याचा दबाव वेगळाच. मार्क जिओर्दानोची ड्राफ्टमध्ये निवड झाली नव्हती, करारावरून बिनसल्यावर तो २००७-०८ चा हंगाम रशियात खेळून परत आला आणि २०१९ मध्ये एनएचएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

महिलांची वाट अजून अरुंद आहे, पण ती आता पगाराची झाली आहे. पीडब्ल्यूएचएल ही महिलांची व्यावसायिक लीग १ जानेवारी २०२४ ला सहा संघांनिशी सुरू झाली, २०२५-२६ मध्ये व्हँकुव्हर आणि सिअॅटलसह आठ संघ झाले. पहिल्या हंगामाचा किमान पगार ३५ हजार डॉलर होता, म्हणजे वरच्या काही जणी सोडल्या तर जोडधंदा लागतोच. इथे येण्याचा मुख्य मार्ग कॉलेज हाच असल्याने मुलींनी पदवीकडे दुर्लक्ष करायचा प्रश्नच येत नाही. मुलांनीही खरं तर करू नये.

शरीर हीच दुकानाची गादी

व्यावसायिक खेळाडूचा सामन्याचा दिवस बघायला कंटाळवाणा असतो. सकाळी हलका सराव, जेवण, दुपारची झोप, संध्याकाळी सामना, नंतर पंधरा मिनिटं सायकल आणि रात्रीचं विमान. सप्टेंबरच्या शिबिरापासून एप्रिलपर्यंत ८० हून अधिक सामने, आणि कप जिंकायचा तर त्यानंतर जूनपर्यंत आणखी २८ सामनेही खेळावे लागू शकतात. दुपारच्या झोपेची टिंगल करणारा नवखा खेळाडू डिसेंबरमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या झोपतो.

दुखापतींत जांघ, खुबा, खांदा, गुडघा नेहमीचे. गोलरक्षकांना खुब्याचं दुखणं जास्त. पण डोक्याच्या माराला वेगळा नियम लावा. डोकं गरगरलं, प्रकाश खुपायला लागला, पीरियड कुठला चाललाय ते आठवेना, तर त्याच क्षणी बाहेर. परतायचं ते एक एक पायरी चढत, डॉक्टरने सांगितल्यावर. जागा जाईल या भीतीने लक्षण लपवणारा खेळाडू दुसऱ्या धडकेत मिनिटं नव्हे, वर्षं घालवतो. गळ्याचं संरक्षक कापडही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका सामन्यात स्केटचं पातं गळ्याला लागून अॅडम जॉन्सनचा मृत्यू झाला, त्यानंतर एकामागून एक लीगनी ते सक्तीचं केलं. घालायला अवघडल्यासारखं वाटतं, दोन आठवड्यांत सवय होते.

वेदनाशामक गोळ्या आणि दारू, दोन्हींवर डोळा ठेवा. खाली-वर होणारी बोलावणी, हॉटेलातल्या रात्री आणि दुखरं अंग, यातून सवयी लागतात. एनएचएल आणि खेळाडू संघटना मिळून १९९६ पासून एक गोपनीय मदत कार्यक्रम चालवतात. गरज पडायच्या आधी त्याचा फोन नंबर साठवून ठेवावा.

मोठे करार आणि उतार

पहिला करार संपल्यावरही काही वर्षं संघाचा तुमच्यावर हक्क असतो. साधारण २७ व्या वर्षी किंवा सात हंगामांनंतर खेळाडू पूर्ण मोकळा होतो, १ जुलैला बाजार उघडतो आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा बहुतेकांना याच वेळी दिसतो. तरीही घाईत सही करण्याआधी संघाची यादी पुढ्यात घ्या. पाच वर्षांचा मोठा करार आणि तिसऱ्या फळीवरची जागा घेतली, तर आठ महिन्यांत आकडे घसरतात आणि तिसऱ्या वर्षी संघ करार विकत घेऊन मोकळा होतो. २६ किंवा त्याहून जास्त वयाच्या खेळाडूला अशा वेळी उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग मिळतो, तोही दुप्पट वर्षांत विभागून.

शिक्षण किंवा दुसरं काम खेळत असतानाच सुरू करावं, कारण निवृत्तीची तारीख बहुतेकांना स्वतः ठरवता येत नाही. सप्टेंबरात फोन येत नाही, एवढंच होतं. केन ड्रायडनने माँट्रियलचं गोल सांभाळत कायद्याची पदवी घेतली, पगारावरून बिनसलं तेव्हा १९७३-७४ चा आख्खा हंगाम बाहेर राहून वकिलीची उमेदवारी केली, आणि ३१ व्या वर्षी खेळ सोडल्यावर पुढे कॅनडाचा मंत्री झाला. तो अपवादच, पण हंगामातल्या प्रवासात विषयामागून विषय देत पदवी पुरी करणारे खेळाडू आजही असतात. शेवटच्या करारावर सही करताना पेन्शनसाठी तुमचे किती सामने भरले, आरोग्य विमा कधीपर्यंत चालेल आणि जुन्या दुखापतींचे कागद कुणाकडे आहेत, हे लेखी घ्या. संघ बदलले की ते कागद हरवतात.

प्रशिक्षक व्हायचं असेल तर लहान मुलांपासून सुरुवात करा. मार्टिन सेंट लुईने खेळ सोडल्यावर आपल्या मुलाच्या संघाला शिकवायला घेतलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये माँट्रियलने त्याला मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा व्यावसायिक संघ सांभाळल्याचा एक दिवसही त्याच्या गाठीशी नव्हता.